दालचिनी रंगाचा नर

३ फेब्रुवारी १९७९

आजपासून नोंदी ठेवीत आहे. जे टिपून ठेवले नाही ते पाहिलेच नाही असे समजावे, हे मी इतकी वर्षे मुलांना सांगत आले. मग माझ्याच परसात निरीक्षणाची एवढी उत्तम संधी चालून आली असताना मी स्वस्थ का बसावे?

पांगाऱ्याची पाने झडून फुले आली आहेत आणि त्या लाल फुलांवर दालचिनी गुंजनपक्ष्याने हक्क सांगितला आहे. गावात याला चुपारोसा म्हणतात, म्हणजे फुले चोखणारा. पण त्या एका नावाखाली लोक कोणताही चिमुकला पक्षी खपवतात. हा नेमका ओळखावा. लांबीला माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा अधिक. पाठ हिरवी, परंतु त्या हिरव्यात जुन्या काशाची झळाळी. हनुवटीपासून शेपटीच्या मुळापर्यंत पोटाकडचे सारे अंग दालचिनीच्या सालीच्या रंगाचे. त्यावर ठिपका नाही की पट्टा नाही. शेपटी तांबूस, कडेला काळपट. चोच लाल आणि टोकाशी काळी, जणू शाईच्या दौतीत बुडवून काढलेली. दाट, ओले रान याला मानवत नाही. आमच्या या किनाऱ्यावरचे कोरडे काटेरी रान, कुंपणे, परसबागा, हेच त्याचे राज्य. फुलापुढे हवेत जागच्या जागी उभे राहण्याची त्याची करामत मी वर्गात हातवारे करून दाखवते तेव्हा मुले हसतात; पण ती विसरत नाहीत.

एवेन्सियो अजून ब्रिहिदाकडेच राहतो. ही नोंद केवळ पूर्णतेसाठी. माझा नवरा होड्यांची इंजिने दुरुस्त करतो आणि ब्रिहिदा धक्क्यावर तळलेले मासे विकते. गेल्या पावसाळ्यात तो तिच्याकडे पंखा दुरुस्त करायला गेला. तो पंखा अजून दुरुस्त होतो आहे, असे धक्क्यावरचे लोक म्हणतात.

११ फेब्रुवारी, रविवार

विहिरीचा पंप माझ्याने चालू होत नाही, म्हणून एवेन्सियो दर रविवारी येतो. काम झाले की माझ्या हातचे चॉकलेट पितो. त्याला ते फार आवडते. आज मी त्याला पांगाऱ्याखाली बसवले.

"तो बघ, शेंड्यावर बसलाय. दुसरा कोणीही फुलाजवळ आला की हा त्याला हुसकून लावतो. मधमाशीलासुद्धा सोडत नाही. स्वतःचं खाणं विसरून राखण करतो. तो नर आहे."

"कशावरून?"

"दिवसभर भांडतो त्यावरून."

"मग तूही नरच म्हणायची," एवेन्सियो म्हणाला.

मी त्याला हवेत स्थिर राहण्याचे तत्त्व समजावून सांगू लागले. पंख पुढे जाताना आणि मागे येतानाही कसा आधार देतो, हे दोन तळहातांनी दाखवले. त्याने कप खाली ठेवला.

"ओतिलिया, मी तुझ्या वर्गात बसलेलो नाही गं. पिऊ दे की सुखानं."

मी विचारले, परत कधी येणार? तो म्हणाला, "वॉशर झिजलाय. पुढच्या रविवारी आणतो." उत्तर प्रश्नाला धरून नव्हते.

१६ फेब्रुवारी

घरटे सापडले. लिंबाच्या खालच्या फांदीवर, माझ्या डोळ्यांच्या पातळीत. इतके दिवस मी त्याला झाडाची गाठ समजत होते. सावरीच्या कापसाची वाटी, कोळ्याच्या जाळ्याने फांदीला बांधलेली, आणि बाहेरून दगडफुलाचे कपचे चिकटवलेले. कोळ्याचा धागा ताणला जातो, म्हणून पिले वाढतात तशी वाटीही रुंद होते. कोणता गवंडी असे घर बांधील? आत दोन अंडी आहेत, पांढरी, वालाच्या दाण्यांएवढी.

घर बांधणे, अंडी उबवणे, पिले वाढवणे हे सारे मादी एकटीच करते. नर तिच्याशी संग करतो आणि निघून जातो. पक्ष्यांत याला नियम म्हणतात आणि त्यावर धक्क्यावर कोणी चर्चा करीत नाही.

२२ फेब्रुवारी

बाजारात डोन्या तिबुर्सियाच्या दुकानात गेले होते. ती मेणबत्त्या आणि वाळलेली मुळे विकते. पडद्यामागे वाळवलेले गुंजनपक्षी असतात, लाल रेशमात गुंडाळलेले. गेलेला माणूस परत येण्यासाठी बायका ते नेतात. या अंधश्रद्धेवर मी दरवर्षी एक संपूर्ण तास घेते.

"या बाई," ती म्हणाली. "उशीरच केलात. मला वाटलं, नाताळातच याल."

"मी माहिती घ्यायला आले आहे."

"सगळ्या माहितीच घ्यायला येतात. बसा."

तिने सांगितले ते असे. पुरुषासाठी नर हवा. तो जिवंत धरायचा आणि रक्ताचा थेंब सांडू द्यायचा नाही. मग मिठात घालून उन्हात वाळवायचा आणि आपल्या छातीशी बाळगायचा. "आणि माणूस फारच हट्टी असला, तर त्यातली चिमूट कुटून त्याच्या पोटात घालायची. गोडातून."

"नर आणि मादी तुम्ही कशी ओळखता?"

"ओळखायचं काय त्यात? पोरं आणून देतात, मी बांधते."

"म्हणजे आजवर निम्म्या बायकांना तुम्ही मादी बांधून दिलीत?"

"तक्रार घेऊन अजून कोणी आलं नाही. लाजेनं येत नसतील."

मी तिला पिसांवरून, आकारावरून आणि वर्तनावरून लिंग ओळखण्याच्या पद्धती समजावून दिल्या. तिने ऐकता ऐकता कांद्याच्या दोन माळा विणून संपवल्या.

२७ फेब्रुवारी

पिले बाहेर आली. काळी, उघडी, डोळे मिटलेली. सुरवंटापेक्षा फारशी मोठी नाहीत. आई येते, घरट्याच्या काठावर बसते आणि आपली लांब चोच त्यांच्या घशात इतकी खोल खुपसते की पाहणाऱ्याला वाटावे, ही त्यांना भोसकते आहे. नुसता मध नव्हे. बारीक चिलटे आणि कोळीही ती त्यात कालवून देते. मधावर पिलू वाढत नाही.

एक अडचण मात्र नोंदवते. या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच. मी तिबुर्सियाला सांगितलेल्या पद्धतींपैकी पहिल्या दोन येथे निरुपयोगी आहेत. उरते ते वर्तन. घरट्यावर बसते ती मादी. पांगारा राखतो तो नर. माझ्या मते हे पुरेसे आहे.

माझा या तोडग्यावर विश्वास नाही, हे आधीच लिहून ठेवते. परंतु ज्या गोष्टीची कधी नीट परीक्षाच झाली नाही, ती खोटी आहे असे म्हणण्याचा मला तरी काय अधिकार?

४ मार्च, रविवार

एवेन्सियोने पंपाला नवा वॉशर बसवला आणि आपल्या हत्यारांची पेटी भिंतीवरून खाली काढली. मी विचारले, पेटी कशाला?

"पावसाळ्याआधी आम्ही सालिना क्रूसला चाललोय. तिथल्या गोदीत काम आहे."

"आम्ही म्हणजे कोण?"

"ओतिलिया, आता काय फळ्यावर लिहून देऊ?"

मग तो जरा वरमला. पंप कसा चालू करायचा ते मला दाखवतो म्हणाला. मी म्हटले, मला ते जमणार नाही. जमले असते. त्याच्या हाताकडे पाहून मला ते केव्हाच कळले आहे.

६ मार्च

आज धरला. जास्वंदीच्या फुलांवर जुनी मच्छरदाणी सैल टाकून ठेवली होती. पांगाऱ्यावरचा पहारेकरी दुपारी तिकडे वळला आणि अडकला.

मुठीत घेतल्यावर पहिले आश्चर्य वाटते ते वजनाचे. वजन नसतेच, नुसती ऊब असते. दुसरे आश्चर्य हृदयाचे. ठोके वेगळे जाणवत नाहीत. बोटांना सलग थरथर लागते, चालू इंजिनाच्या झाकणावर हात ठेवावा तशी. पक्षीसंग्राहक पंखांखाली दोन बोटांनी छाती दाबून धरतात, त्यामुळे फुफ्फुसात हवा शिरत नाही आणि पीस बिघडत नाही. मी तसेच केले. त्याने चोच उघडली आणि पांढरी, दुभंगलेल्या टोकाची जीभ बाहेर आली. चोचीपेक्षाही ती लांब असते हे मी पुष्कळदा शिकवले होते, प्रत्यक्ष आज पाहिले. रक्त सांडले नाही.

तिबुर्सियाचे मीठ आणि ऊन मला पसंत नाही. त्याने मुंग्या लागतात. शाळेच्या कपाटात माझ्या आधीचे शिक्षक डॉन रुतिलियो यांनी भरून ठेवलेले पक्षी आहेत. माझ्या जन्माच्या वेळचे असूनही त्यांना किडा लागलेला नाही. ते ज्या पांढऱ्या पुडीने कातडी चोळीत तिची बरणी तेथेच होती. लेबल कसरीने खाल्ले आहे, त्याच्या खालची लाल रेघ तेवढी उरली आहे. टाकणखार असणार. मी पक्षी आतून बाहेरून त्यात घोळवला आणि कापसात ठेवला. लोकांच्या तोडग्यात विज्ञानाने थोडी सुधारणा केली तर बिघडले काय?

७ मार्च

सकाळपासून घरट्यावर कोणी आले नाही. माझी सावली पडली की पिले माना ताठ करून चोची उघडतात.

माझ्या तर्कात एकच चूक होती. मादी घरट्यावरून उठल्यानंतर काय करते, हे मी पाहिले नव्हते. ती पांगारा राखत होती. जी दोन वेगळी पाखरे मी मानली, ते एकच पाखरू होते.

साखरेचे पाणी देऊन पाहिले. ती घेतात, परंतु मधावर पिलू वाढत नाही हे मी वर लिहिलेच आहे.

९ मार्च

एक काल गेले. दुसऱ्याने आज दुपारपर्यंत चोच उघडण्याचे काम चालू ठेवले. मुंग्या चढल्या तेव्हाही. मला हे विलक्षण वाटले. भूक ही शेवटी विझणारी गोष्ट असावी.

प्रयोगात नराऐवजी मादी वापरली गेली, ही त्रुटी नोंदवते. दुसरा पक्षी धरायला वेळ नाही. तिबुर्सियाच्या निम्म्या गिऱ्हाइकांचेही असेच झाले असणार, आणि तक्रार नाही.

११ मार्च, रविवार

पहिली चिमूट आज दिली. पिसे वेगळी काढून बाकीचे पाट्यावर वाटून ठेवले आहे.

"आज चॉकलेट काही वेगळं लागतंय," एवेन्सियो म्हणाला.

"दालचिनी जास्त घातली आहे."

"बरं लागतंय."

त्याने दुसरा कप मागून घेतला. कितीतरी दिवसांत मागितला नव्हता. मी स्वतः घेतले नाही. प्रयोग करणाऱ्याने अलिप्त राहावे.

१९ मार्च

करडी कोंबडी मेली. पक्षी वाळवलेला कापूस मी परसात टाकला होता, तो टोचत होती. पाय ताणून मान वाकडी करून पडली. गावात कोंबड्यांचा रोग आलेला दिसतो, मात्र शेजारी अजून कोणाकडे नाही. मोठी गुणी कोंबडी होती.

काल, रविवारी, एवेन्सियो म्हणाला की आठवडाभर पोटात कळा येतात. मी त्याला पोट निवावे म्हणून कप भरून दिला.

२६ मार्च

एवेन्सियोला उलट्या होत आहेत. धक्क्यावर सगळ्यांनी त्याचा दोष ब्रिहिदाच्या माशांना दिला. आज मी मुद्दाम तिच्या टपरीवरून गेले. कढई गार होती आणि ती एकटीच माशा वारीत बसली होती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी सांगा ना लोकांना. मी पहाटे होडीतून उतरलेला मासा तळते. मी पण तोच खाते, मला काही नाही झालं."

मी तिला समजावले की एकच अन्न दोन शरीरांवर वेगवेगळा परिणाम करू शकते. त्यामुळे तिला काही झाले नाही एवढ्यावरून मासा निर्दोष ठरत नाही. दोन कोळी उभे राहून ऐकत होते. त्यांनी माना डोलावल्या आणि पलीकडच्या टपरीवर गेले.

८ एप्रिल, रविवार

एवेन्सियो भिंतीला धरून आला. तळपायांना मुंग्या येतात, आणि बुटात वाळू भरल्यासारखे वाटते म्हणाला. हाताच्या बोटांत पाना धरवत नाही. पंपाला त्याने हात लावला नाही. चालू मीच केला. तो पाहत राहिला.

"सालिना क्रूसचं लांबणीवर टाकलंय," तो म्हणाला. "जरा बरं वाटेपर्यंत."

तोडग्याचा गुण येत आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. एकाच माणसावरून निष्कर्ष काढू नये.

१० एप्रिल

रात्रभर एक शंका छळत होती, ती येथे प्रामाणिकपणे मांडते. बरणीत टाकणखार नसून दुसरे काही असले तर? मग शांतपणे विचार केला. लेबल कसरीने खाल्ले आहे. म्हणजे त्या बरणीला बिलगून कसर जगली, वाढली. जे कसरीला बाधत नाही ते माणसाला चिमटीभर काय बाधणार? शंका मिटली. सकाळी शाळेत जाऊन ते कपाट आवरले. त्यात कसर कोठेच दिसली नाही, जिवंत किंवा मेलेली.

२३ एप्रिल

तो परत आला आहे.

शनिवारी धक्क्यावर त्याचे पाय गेले. दवाखान्यात डॉक्टर इरासेमा आहे. नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुलगी, सेवेचे सक्तीचे वर्ष भरायला आमच्या गावी आली आहे. तिला कारण कळेना. पोटात अन्न ठरत नव्हते आणि जीभ जड झाली होती. घरी नेण्यासाठी तिने जवळच्या नातेवाइकाची सही मागितली. ब्रिहिदाने पेन हातात घेतले होते.

मी म्हटले, "इथे पत्नीची सही लागते."

ब्रिहिदाने पेन खाली ठेवले. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, न्या तुम्ही. तुमच्याकडं सोय आहे, मला कळतं. पण बरं वाटलं की त्याला विचारा. एवढंच. त्याला विचारा, कुठं राहायचंय ते."

"त्याला बोलता आले की विचारीन," मी सांगितले.

तिने त्याच्या पायांवर आपली शाल टाकली. ती मी वाटेत घडी घालून परत पाठवली.

६ मे

पांगाऱ्याची फुले संपली, परंतु जास्वंदीच्या कुंपणावर नवा दालचिनी गुंजनपक्षी आला आहे. एवेन्सियोची खुर्ची मी सकाळीच तेथे नेऊन ठेवते. पानांवर साचलेल्या दवात हा पक्षी पोट घासून अंघोळ करतो. सायंकाळी काडीवर बसल्या बसल्या उडी मारून चिलटे टिपतो. गार रात्री तो आपले शरीर इतके निवू देतो की हृदय जेमतेम चालते. हातात घेतला तर मेला असे वाटावे, आणि ऊन लागताच पुन्हा गुंजारव. मी हे सारे क्रमाने सांगते. एवेन्सियो ऐकतो. मध्येच उठून जात नाही.

ब्रिहिदा रोज संध्याकाळी माशाचे कढण घेऊन फाटकाशी येते. मी ते आत घेत नाही. सारा गाव त्या माशांबद्दल काय म्हणतो ते सर्वश्रुत आहे. आज ती फाटकातूनच त्याच्याशी बोलली.

"अरे, पंखा पुन्हा बंद पडलाय. तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही बघ."

एवेन्सियोच्या घशातून आवाज निघाला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. रुग्णाला असा क्षोभ बरा नव्हे. उद्यापासून खुर्ची विहिरीच्या बाजूला ठेवीन. तेथून फाटक दिसत नाही.

चॉकलेट तो आता चमच्याने घेतो. रविवारवर थांबण्याचे कारण उरलेले नाही, म्हणून रोज देते. वाटलेले संपत आले होते. घरट्यातली दोन पिलेही मी त्याच बरणीत टिकवून ठेवली होती, ती उपयोगी पडली.

२० मे

डॉक्टर इरासेमा तपासायला आली. तिने एवेन्सियोचा हात उजेडात धरला आणि बराच वेळ नखांकडे पाहत राहिली. प्रत्येक नखावर एक आडवी पांढरी रेघ आहे. मला आनंद झाला. माझ्याशिवाय त्या रेघेचे निरीक्षण करणारे कोणीतरी भेटले. नख वाढते तशी रेघ पुढे सरकते, हे मी तिला मी वेळोवेळी काढलेल्या नखांच्या आकृत्यांवरून दाखवले.

"बाई, यांना आजच्या आज वाहाकाच्या मोठ्या इस्पितळात हलवायला हवं. नखं आणि केस तपासून घ्यायचेत."

"घाटाचा रस्ता आहे. त्याला सोसणार नाही. आता कुठे घरी रुळतो आहे."

"तुमची सही लागेल. नाहीतर मी नेऊ शकत नाही."

"मग माझी सही नाही."

ती एवेन्सियोपुढे गुडघ्यांवर बसली. "डॉन एवेन्सियो, तुम्हाला जायचंय माझ्याबरोबर?"

त्याने मान पुढे केली आणि तोंडातून एक लांब स्वर काढला. डॉक्टरने माझ्याकडे पाहिले.

"तो नाही म्हणतो," मी सांगितले. "त्याची बोली मला समजते."

ती उठली. टेबलावरच्या कपाकडे तिची नजर गेली. "हे काय काय खातात हो, बाई? बाहेरून कोणी काही आणून देतं का?"

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि हे सांगताना मला अभिमान वाटला. "घरी आल्यापासून फक्त माझ्या हातचं."

डॉक्टर पिशवी उचलून निघाली. एवेन्सियो विहिरीच्या कोपऱ्यातून, मान जाईल तेथवर वळवून, तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मी त्याची हनुवटी हळूच माझ्याकडे फिरवली आणि चमचा त्याच्या ओठांशी नेला. त्याने ओठ घट्ट मिटले. मी त्याचे नाक अलगद धरले आणि तो तोंड उघडीपर्यंत त्याला गुंजनपक्ष्याच्या पाठाचा पुढचा भाग समजावून सांगत राहिले.